अर्जाची पोच आणि रिकामी खुर्ची : सरकारी सेवांपुढचे प्रश्न, आपला हक्क आणि आपली जबाबदारी

दहावी-बारावीचे निकाल लागले की लासूर स्टेशनला झेरॉक्सच्या दुकानांसमोर आणि सेवा केंद्रांसमोर मुलामुलींची रांग लागते. कोणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कोणाला जातीचा, कोणाला रहिवासी, तर कोणाची जात वैधता अडकलेली असते. प्रवेशाची तारीख ठरलेली असते, दाखल्याची मात्र कोणी सांगत नाही. "सर्व्हर डाऊन आहे", "साहेब मीटिंगला गेलेत", "उद्या या" ही तीन वाक्ये ऐकून घरी परतलेला विद्यार्थी आपल्या प्रत्येक वस्तीत आहे.

हा लेख त्या विद्यार्थ्यासाठी आणि त्याच्याबरोबर कार्यालयात जाणाऱ्या कार्यकर्त्यासाठी आहे. सरकारी यंत्रणा आज कुठे आणि का अडली आहे, कायद्याने आपल्याला काय दिले आहे, आणि ते मिळवण्यासाठी वस्तीपातळीवर काय करता येते, हे आम्ही येथे एकत्र मांडत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे : कार्यालयाकडून हक्काने मागायचे, आणि ते कार्यालय माणसांसह जिवंत राहावे म्हणूनही लढायचे. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. खुर्चीच रिकामी असेल, तर कागदावरचा हक्क कोणाकडे मागणार?

तीन दाखले, तीन गावे

लासूर स्टेशन हे गंगापूर तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रेल्वेमार्ग निझामाच्या काळापासून येथून जातो. आजूबाजूच्या खेड्यांचा शेतमाल येथे येतो, त्यामुळे गावात वर्दळ असते. पण दाखल्याचे काम निघाले की नकाशा बदलतो.

समजा, येथील एका बौद्ध कुटुंबातील मुलीला पदवीला प्रवेश आणि शिष्यवृत्ती घ्यायची आहे. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा, म्हणजे गंगापूर. जातीचे प्रमाणपत्र उपविभागीय अधिकाऱ्याचे, म्हणजे वैजापूर. जात वैधता प्रमाणपत्र जिल्हा जात पडताळणी समितीचे, म्हणजे छत्रपती संभाजीनगर. गावाला रेल्वे आहे, पण रेल्वे गंगापूरला जात नाही. वैजापूरसाठी रोटेगावला उतरून पुढे वाहन पाहावे लागते. अर्ज ऑनलाइन करता येतो हे खरे. पण अर्जात त्रुटी निघाली, मूळ कागद दाखवा असे सांगितले, की फेरी चुकत नाही. एका फेरीला आईचा किंवा वडिलांचा एक रोज बुडतो. तीन फेऱ्या झाल्या की घरातला आठवड्याचा किराणा गेला.

ज्याच्या घरात कोणी नोकरदार आहे, ओळखपाळख आहे, त्याचे काम एका फोनवर होते. ज्याच्याकडे यातले काही नाही, त्याच्यासाठी सरकारी सेवा हीच एकमेव शिडी आहे. म्हणून सरकारी सेवा मोडली की सगळ्यांचे सारखे नुकसान होत नाही. आपले जास्त होते.

ठराव होता, पाणी नव्हते

हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावानुसार मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये ठरवले की सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असतील. यादी नीट पाहा. त्यात फक्त पाणी नाही. त्या काळातल्या जवळजवळ सगळ्या सार्वजनिक सेवा त्यात आहेत.

महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण ठराव होऊनही तीन वर्षे कोणी पाण्याला हात लावू शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्याच वर्षी नगरपालिकेने ठराव मागेही घेतला. पुढे न्यायालयीन लढाई झाली आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. १९२३ ते १९३७, चौदा वर्षे.

यातून आजच्या कार्यकर्त्याने काय घ्यावे? एक, कागदावर मिळालेला हक्क वापरल्याशिवाय हक्क होत नाही. दोन, तो वापरताना कागद सोडायचा नसतो. बाबासाहेबांनी तळ्यावर सत्याग्रह केला आणि कोर्टात दावाही लढवला. आज तळ्याच्या जागी कार्यालयाची खिडकी आहे, आणि ठरावाच्या जागी लोकसेवा हक्क कायदा.

यंत्रणा कुठे अडली आहे?

१. रिक्त पदे. महाराष्ट्रात राज्य शासन आणि जिल्हा परिषदा मिळून सात लाखांहून अधिक पदे मंजूर आहेत. त्यांपैकी दोन लाखांहून अधिक पदे रिक्त असल्याचे गेल्या काही वर्षांत वेळोवेळी समोर आले आहे. याचा अर्थ वस्तीच्या भाषेत असा : एका ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपण ज्यांना तलाठी म्हणत आलो त्यांच्याकडे, स्वतःच्या सज्जाबरोबर दुसऱ्या सज्जाचाही कार्यभार असतो. ग्रामपंचायत अधिकारी आठवड्यातून ठरावीक दिवशीच आपल्या गावात असतात. जात पडताळणी समित्यांच्या बाबतीतही एकाच अध्यक्षाकडे एकापेक्षा जास्त जिल्ह्यांचा कार्यभार देण्याची वेळ आलेली आहे. अशा वेळी फाईल थांबते ती नेहमीच कोणाच्या वाईट हेतूने नव्हे. सही करणारा माणूसच त्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यात असतो.

२. भरतीची कोंडी. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवानिमित्त राज्य सरकारने ७५ हजार पदे भरण्याची घोषणा केली. त्यातील २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. परीक्षा शुल्क खुल्या प्रवर्गासाठी १,००० रुपये आणि राखीव प्रवर्गासाठी ९०० रुपये होते. एकीकडे कार्यालयात माणूस नाही, दुसरीकडे त्या खुर्चीवर बसायला लाखो शिकलेले तरुण तयार आहेत, आणि मधल्या काळात त्यांच्याकडूनच शुल्क घेतले जाते. आपल्या वस्तीतला जो मुलगा दाखल्यासाठी खिडकीबाहेर उभा आहे, तोच खिडकीच्या आत बसण्यासाठी अभ्यास करतो आहे. रिक्त पदांचा फटका त्याला दोन्ही बाजूंनी बसतो.

३. कंत्राटीकरण. ६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य सरकारने शासन निर्णय काढून नऊ खासगी संस्थांमार्फत अतिकुशल, कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा चार गटांत बाह्ययंत्रणेद्वारे मनुष्यबळ घेण्याचा मार्ग मोकळा केला. राज्यभर विद्यार्थ्यांनी आणि संघटनांनी विरोध केला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो निर्णय रद्द करत असल्याचे जाहीर केले. हा लोकांच्या दबावाचा विजय होता, हे विसरू नये. पण एक शासन निर्णय रद्द झाला म्हणून कंत्राटी पद्धत संपली नाही. रुग्णालयांतील सफाई आणि सुरक्षा, कार्यालयांतील संगणक चालक, आरोग्य अभियानातील कर्मचारी अशा अनेक ठिकाणी ती आधीपासून आहे आणि पुढेही चालू आहे.

आपल्यासाठी यात दुहेरी धोका आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६(४) मुळे सरकारी पदात आरक्षण येते. एजन्सीने माणूस नेमला की बिंदुनामावलीचा प्रश्नच मागे पडतो. दुसरे म्हणजे जबाबदारी. कायम कर्मचारी चुकला तर त्याच्यावर विभागीय कारवाई होऊ शकते. अकरा महिन्यांच्या करारावरचा मुलगा, ज्याचा पगारच तीन महिने थकला आहे, त्याला आपण कोणत्या तोंडाने जाब विचारणार? आणि तो मुलगाही बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो.

४. कामाचा वाढता भार. आहे त्याच माणसांवर निवडणुका, मतदार याद्या, पंचनामे, सर्वेक्षणे आणि नव्या योजनांचे अर्ज येऊन पडतात. जून २०२४ च्या अखेरीस मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली, तेव्हा उत्पन्न आणि रहिवासी दाखल्यांसाठी राज्यभर तहसील कार्यालयांत झुंबड उडाली. अखेर सरकारला कागदपत्रांच्या अटी शिथिल कराव्या लागल्या, पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असणाऱ्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट द्यावी लागली. योजना गरीब स्त्रियांसाठी होती, तिला आमचा आक्षेप नाही. पण तेच दिवस महाविद्यालयीन प्रवेशाचेही होते. माणसे न वाढवता काम वाढवले की एका गरिबाची रांग दुसऱ्या गरिबाच्या रांगेला आडवी जाते.

५. पैसा वळवणे. मे २०२५ मध्ये याच योजनेसाठी अनुसूचित जाती घटकाच्या निधीतून सुमारे ४१० कोटी रुपये वळवण्यात आले. खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. शिरसाट हे आपल्याच जिल्ह्याचे आमदार आणि पालकमंत्री. खात्याच्या मंत्र्यालाच निधी जाताना पाहावा लागत असेल, तर वसतिगृह, स्वाधार आणि शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर का येत नाही, याचे उत्तर फक्त कारकुनाच्या टेबलावर शोधून चालणार नाही. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकने २०१३ साली अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीसाठी स्वतंत्र कायदे केले. महाराष्ट्रातही असा कायदा व्हावा ही मागणी जुनी आहे आणि ती सोडता येणार नाही.

दवाखान्यात हाच प्रश्न जिवावर येतो

दाखला उशिरा मिळाला तर वर्ष जाते. दवाखान्यात माणूस नसेल तर जीव जातो. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ रुग्णांचा मृत्यू झाला, त्यांत १२ नवजात बालके होती. लगेच पुढच्या दिवसांत छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातही २४ तासांत १८ मृत्यूंची नोंद झाली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि रिक्त पदे व औषध खरेदी हे दोन मुद्दे पुन्हा ऐरणीवर आले.

येथे एक गोष्ट समजून घ्यावी. घाटीसारख्या रुग्णालयात गावोगावचे आणि आसपासच्या जिल्ह्यांतले गंभीर रुग्ण शेवटच्या टप्प्यात आणले जातात. गावाजवळच्या आरोग्य केंद्रात वेळेवर उपचार झाले नाहीत की घाटीवरचा भार वाढतो. म्हणून घाटीतील डॉक्टरांवर राग काढण्याआधी आपल्या गावाच्या आरोग्य केंद्रात मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हे विचारले पाहिजे.

मुख्यालयाचा वाद

ऑगस्ट २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत शिक्षक आणि इतर कर्मचारी मुख्यालयी राहत नाहीत, तरी घरभाडे भत्ता घेतात, हा मुद्दा मांडला. राज्यभर वाद झाला, शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. गावात राहण्यासारखी घरे नाहीत आणि अशैक्षणिक कामांमुळे शिकवायला वेळ उरत नाही, असे शिक्षकांचे म्हणणे होते.

आम्हाला या वादात दोन्ही बाजूंचे काही खरे वाटते. शाळेच्या वेळेत शिक्षक वर्गात आणि कामाच्या वेळेत कर्मचारी कार्यालयात हवा, यात तडजोड नाही. जिल्हा परिषदेची शाळा ही आपल्या मुलांची शाळा आहे. पण वाद फक्त घरभाड्यावर थांबला तर रिक्त पदे, बंद पडणाऱ्या लहान शाळा आणि कंत्राटी नेमणुका हे प्रश्न बाजूला पडतात. कर्मचाऱ्याला शत्रू ठरवणे सोपे असते. त्यामुळे खुर्ची भरत नाही.

लोकसेवा हक्क कायदा काय देतो?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हा २८ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा या कायद्याने नागरिकाचा हक्क झाला आहे. कार्यकर्त्याला पाठ हव्यात अशा तरतुदी :

- फलक : कोणती सेवा, किती दिवसांत, शुल्क किती, पदनिर्देशित अधिकारी कोण, अपील कोणाकडे, ही माहिती कार्यालयाने दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे.
- पोच : अर्ज दिल्यावर तारीख आणि अर्ज क्रमांक असलेली पोच मिळालीच पाहिजे (कलम ५). मुदत या तारखेपासून मोजली जाते.
- नकार लेखीच : सेवा नाकारायची असेल तर कारणे लेखी द्यावी लागतात. तोंडी "होणार नाही" याला कायद्यात जागा नाही.
- पहिले अपील : मुदत संपल्यावर किंवा नकार मिळाल्यावर ३० दिवसांच्या आत (कलम ९). योग्य कारण असेल तर हा अवधी ९० दिवसांपर्यंत वाढू शकतो.
- दुसरे अपील : पहिल्या अपिलाच्या आदेशानंतर ३० दिवसांत. आदेशच आला नाही, तर पहिले अपील केल्यापासून ४५ दिवसांनी.
- तिसरे अपील : राज्य सेवा हक्क आयोगाकडे, ६० दिवसांत (कलम १८).
- दंड : पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड (कलम १०). वारंवार अपिले न निकाली काढणारा अपील प्राधिकारीही दंडास पात्र ठरू शकतो.

उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस आणि जातीच्या प्रमाणपत्राला ४५ दिवस अशी मुदत आहे. इतर सेवांची मुदत फलकावर किंवा 'आपले सरकार' संकेतस्थळावर पाहावी. त्या संकेतस्थळावर स्वतःचे खाते उघडून मोबाइलवरूनही अर्ज आणि अपील करता येते. केंद्रचालकाच्या खात्यातून अर्ज केला तरी अर्ज क्रमांक आणि पावती मागून घ्यावी.

पहिल्या अपिलासाठी फार मोठा मजकूर लागत नाही. एवढे पुरे :

"मी दि. ____ रोजी ____ या सेवेसाठी अर्ज केला. अर्ज क्रमांक ____ आहे. या सेवेची निश्चित मुदत ____ दिवस असून ती दि. ____ रोजी संपली आहे. अद्याप सेवा मिळालेली नाही व लेखी नकारही कळवलेला नाही. तरी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ च्या कलम ९ अन्वये हे अपील दाखल करत असून मला सेवा देण्याचे आदेश व्हावेत. सोबत : पोच."

शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे. पोच नसेल तर अर्ज केलाच नाही, असे धरले जाते. आमच्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांकडे सगळे कागद असतात, फक्त पोच नसते. "ओळखीच्या माणसाकडे दिला होता" हे वाक्य अपिलात चालत नाही.

बौद्ध अर्जदारांनी विशेष लक्ष द्यावे असे

१९५० च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्ध धर्माचा समावेश १९९० च्या दुरुस्तीने झाला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर केंद्राच्या सवलतींसाठी आपल्या मागच्या पिढीला ३४ वर्षे थांबावे लागले. आजही कागदाच्या पातळीवर काही अडचणी उरल्या आहेत.

पहिली अडचण शाळेच्या नोंदीची. अनेकांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात फक्त "बौद्ध" असते. ही नोंद अभिमानाने केलेली असते आणि तो अभिमान योग्यच आहे. पण अनुसूचित जातीचा लाभ धर्मांतरापूर्वीच्या मूळ जातीवरून ठरतो, त्यामुळे वडील, आजोबा, चुलते यांच्या जुन्या नोंदी जोडाव्या लागतात. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते आणि त्यात मूळ जातीचा उल्लेख असावा लागतो. राज्याचे प्रमाणपत्र हातात आहे म्हणून निर्धास्त राहून ऐन मुलाखतीच्या वेळी धावाधाव होते. दोन्ही नमुने आधीच काढून ठेवावेत.

दुसरी अडचण १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या पुराव्याची. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निझामाच्या राज्यात होता. जुने दप्तर उर्दू आणि मोडीत आहे. ज्यांना जमीन नव्हती त्यांचे नाव महसुली कागदात कमी सापडते, ज्यांना शाळाच नव्हती त्यांचे शाळेच्या रजिस्टरमध्ये कुठून असणार? तरीही शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, जुने महसुली उतारे येथे शोध घ्यावा. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी याच मराठवाड्यात निझामकालीन कागदांचा मोठा शोध घेतला गेला. त्या मागणीबद्दलचे मत येथे विषय नाही. पण मनावर घेतले तर जुने दप्तर उघडते, उर्दू-मोडी वाचणारे मिळतात, हे त्यातून दिसले. तोच शोध आपल्या मुलांसाठीही व्हावा, ही मागणी रास्त आहे.

तिसरी गोष्ट सोयीची. घरात रक्तनात्यातील कोणाला जात वैधता मिळाली असेल, तर ते प्रमाणपत्र महत्त्वाचा पुरावा ठरते. त्याची प्रत नातेवाइकांनी आनंदाने द्यावी. भाऊबंदकीच्या भांडणात एका मुलाचे वर्ष जाऊ देऊ नये.

चौथी, खर्चाची. दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा मुद्रांक लागत नाही, हे राज्य सरकारने मार्च २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. कोणी स्टॅम्प आणायला सांगत असेल तर नम्रपणे हे दाखवून द्यावे.

पाचवी, शिष्यवृत्तीची. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कौटुंबिक उत्पन्न मर्यादा अडीच लाख रुपये आहे. आता केंद्र आणि राज्याचा वाटा ६०:४० असून रक्कम आधार जोडलेल्या बँक खात्यात येते. खाते आधारशी जोडलेले नसेल तर मंजूर पैसेही अडकतात. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात ती वर्षाला ५१ हजार रुपयांपर्यंत आहे. ७५ टक्के हजेरीची अट लक्षात ठेवावी.

विहारात सुरू करता येईल असे काम

यासाठी मोठी संघटना लागत नाही. दोन शिकलेली मुले, एक वही आणि विहारातला एक कोपरा पुरतो.

१. मार्च-एप्रिलमध्येच वस्तीतील दहावी-बारावीच्या मुलांची यादी करा आणि कोणाकडे कोणता दाखला नाही ते लिहा. निकालानंतर धावण्यापेक्षा परीक्षा संपताच अर्ज करणे केव्हाही चांगले.

२. वहीत पाच रकाने ठेवा : अर्जदार, सेवा, अर्ज क्रमांक, अर्जाची तारीख, मुदत संपण्याची तारीख. दर रविवारी वंदनेनंतर वही उघडा. मुदत संपली त्यांचे अपील त्याच दिवशी लिहा. पोच आणि इतर कागदांचा फोटो काढून अर्जदाराच्याच मोबाइलमध्ये ठेवा.

३. वर्षातून एकदा माहिती अधिकारात अर्ज करा : आपल्या तहसील कार्यालयात, आरोग्य केंद्रात, शाळेत मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती, मागील वर्षी किती अर्ज मुदतीबाहेर गेले. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. माहिती आयोगाकडे दुसरी अपिले मोठ्या संख्येने तुंबलेली असतात, त्यामुळे प्रश्न मोजके आणि नेमके विचारा, म्हणजे पहिल्याच टप्प्यात उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

४. मिळालेले आकडे ग्रामसभेत वाचा. जिल्हा परिषद सदस्य आणि आमदारांकडे "दाखले लवकर द्या" एवढेच न मागता "ही इतकी पदे भरा" असे मागा.

५. लाच मागितली तर भांडण न करता लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जा. आणि प्रामाणिक कर्मचारी भेटला तर त्याचे नाव घेऊन ग्रामसभेत आभार माना. हेही काम आहे.

एक सावधगिरी. मदत करणारा पुढे स्वतःच दलाल होऊ नये. फॉर्मचे पैसे घेणे, "साहेबांना सांगतो" म्हणणे, अर्जदाराला मागे ठेवून आपणच खिडकीवर जाणे, येथून त्याची सुरुवात होते. अर्जदाराला पुढे उभे करा. आपण मागे राहा. पुढच्या वेळी त्याला आपली गरज पडू नये, यातच आपल्या कामाचे यश आहे.

शेवटी

सरकारी कार्यालयाचा अनुभव वाईट आला की अनेक तरुण म्हणतात, "यापेक्षा सगळे खासगी झालेले बरे." त्यांचा संताप आम्ही समजू शकतो. पण खासगी दुकानात हक्क नसतो, फक्त किंमत असते. तेथे फलक, पोच, अपील आणि आरक्षण यांपैकी काहीही मागता येत नाही. सरकारी खिडकी कितीही रखडली तरी तेथे आपण नागरिक म्हणून उभे असतो. ती जागा आपल्या आजोबा-पणजोबांना सहज मिळालेली नव्हती.

म्हणून खिडकी बंद असेल तर ती उघडायला लावू, खुर्ची रिकामी असेल तर ती भरायला लावू, आणि अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय पायरी उतरणार नाही. एवढे जरी प्रत्येक वस्तीत ठरले, तरी पुढच्या जूनमध्ये लासूर स्टेशनच्या त्या रांगेतली काही मुले तरी वेळेवर महाविद्यालयाच्या वर्गात बसलेली असतील.

जय भीम!